‘व्हॅक’ म्हणजे हाणणे, पण रिपोर्टात हाणू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे कळेल. शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये तुम्ही क्वालिटीला आहात. इंग्लंडचा कस्टमर व्हिडिओ कॉलवर असताना फिक्श्चरमधली (पार्ट पक्का धरून ठेवणाऱ्या साधनातली) डाउएल पिन, म्हणजे जागा पक्की करणारी खुंटी, अडकली. तो म्हणाला, ‘गिव्ह इट अ गुड व्हॅक.’ ऑपरेटरने मॅलेटने, म्हणजे मऊ डोक्याच्या हातोड्याने, एक टोला दिला, पिन निघाली, विषय संपला. महिन्याभराने पुन्हा तशीच पिन अडकली. या वेळी ऑपरेटरने हाताला लागला तो लोखंडी हातोडा घातला, बोअरला, म्हणजे पिनच्या भोकाला, मार बसला आणि पार्ट रिजेक्ट झाला. एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा कागद, लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलं. तुम्ही लिहिलंत, ‘ऑपरेटर व्हॅक्ट द पिन व्हेरी हार्डली.’ मॅनेजरने लाल पेनाने ‘व्हॅक्ट’ही खोडलं आणि ‘हार्डली’ही, आणि कारण न सांगता कागद परत दिला.

तुमचं म्हणणं असं की शब्द खुद्द कस्टमरचा, डिक्शनरीत अर्थ ‘जोरात मारणे’, ऑपरेटरने मारलंही जोरातच. मग चुकलं कुठं? आणि त्याच कस्टमरच्या मेलमध्ये ‘आउट ऑफ व्हॅक’ आणि ‘फुल व्हॅक’ असंही आलंय, तिथं तर कोणी कुणाला मारलेलं दिसत नाही.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत गेली बावीस वर्षं बोलीभाषेतलं इंग्रजी शिकवते आणि दुपारच्या वेळात फाउंड्रीवाल्यांचे मेल आणि मॅन्युअल्स मराठीत आणून देते. माझ्याकडची निम्मी पोरं शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या पट्ट्यातली. त्यामुळे हातोडा आणि क्रियापद यांची गाठ मला नवी नाही.

मॅनेजरने दोन शब्द खोडले ते दोन वेगळ्या कारणांनी. ‘हार्डली’ ही सरळ चूक आहे, ती आधी उरकू. ‘हार्ड’ला ‘ली’ लावला की ‘जोरात’ होत नाही, ‘जेमतेम’ होतं. ‘आय हार्डली टच्ड इट’ म्हणजे ‘मी तर नुसता हात लावला न लावला’. बोअर खराब झाल्याच्या रिपोर्टात ‘हार्डली’ वाचून कस्टमर क्षणभर चक्रावला असता, की मारलंच नाही तर फुटलं कसं? जोरात मारलं हे सांगायला नुसतं ‘हार्ड’ लागतं, तेही ‘हिट’सारख्या साध्या क्रियापदाबरोबर. ‘व्हॅक’ला तर त्याचीही गरज नाही. का, ते पुढे येतंच.

‘व्हॅक’ मात्र चूक नाही. ते चुकीच्या ठिकाणी बसलंय, आणि तुमचा खरा प्रश्न मला तोच वाटतो. डिक्शनरी अर्थ देते, पण तो शब्द कोण, कुणापुढे, कुठल्या तोंडाने उच्चारतं ते सांगत नाही. मराठीत हे आपल्याला न शिकवता येतं. वर्गात मी एक खेळ घेते. फळ्यावर लिहिते, ‘शेजाऱ्याने त्याला मारलं’, आणि पोरांना सांगते, ‘मारलं’ काढून दुसरं घाला. मग हाणलं, बडवलं, कुटलं, चोपलं, बदडलं, धुतलं, तुडवलं, सोलून काढलं अशी पंधरा-वीस क्रियापदं पाच मिनिटांत फळ्यावर येतात. कोल्हापुरात या खात्यात टंचाई नाही. मग विचारते, यातलं पोलीस स्टेशनच्या कागदावर कुठलं जाईल? सगळे गप्प. मग मागून कोणीतरी म्हणतं, ‘मारहाण केली.’ बरोबर. आता गंमत बघा, ‘मारहाण’मध्ये ‘हाण’ आहेच. पण तोच ‘हाण’ एकटा, क्रियापद होऊन आला की कागदावरून उठून कट्ट्यावर जाऊन बसतो.

‘व्हॅक’ हे इंग्रजीचं ‘हाणणे’ आहे असं धरून चाला. शंभर टक्के जुळत नाही, कुठं जुळत नाही तेही सांगते. पण कसोटी म्हणून मी गेली कित्येक वर्षं हेच वापरते आणि ती फारशी दगा देत नाही. जे वाक्य तुम्हाला लिहायचंय ते त्याच माणसापुढे मराठीत बोलताना तुम्ही ‘हाणलं’ म्हणाल का? ऑपरेटरशी बोलताना म्हणाल. कॉलवर हसतखेळत चाललं असेल तर कस्टमरलाही म्हणाल. पण रिपोर्टात ‘कामगाराने पिनला हाणले’ असं लिहाल? नाही. मग तिथं ‘व्हॅक’ही नको.

आता डिक्शनरीतल्या ‘जोरात मारणे’कडे वळू. त्या एका शब्दात जोरापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे आवाज. इंग्रजीत मारण्याची बरीच क्रियापदं आवाजावरून आलेली दिसतात आणि त्यांचं शेपूट ऐकलं तरी फटका कसा बसला ते कळतं. ‘व्हॅक’, ‘स्मॅक’, ‘क्रॅक’ यांचा आवाज कोरडा, कडक, पटकन तुटणारा. ‘थंप’ जड आणि बोदा, म्हणजे आपलं ‘धप्प’. ‘बॅश’ आणि ‘स्मॅश’ यांत काहीतरी चेपतंय किंवा फुटतंय. आपणही आवाज सांगतो, पण आपण तो क्रियापदाबाहेर ठेवतो. ‘फाडकन थोबाडीत दिली’, ‘सपकन छडी ओढली’, ‘धप्पकन पाठीत घातली’, ‘खाडकन लाथ बसली’. सगळा आवाज त्या ‘कन’मध्ये आणि क्रियापद बिचारं साधंसुधं, दिली, ओढली, घातली. इंग्रजी तो ‘फाडकन’ क्रियापदाच्या पोटात घालते. म्हणून ‘व्हॅक’पुढे ‘व्हेरी हार्ड’ लावलं की ते ‘फाडकन फाडकन मारली’ असं ऐकू येतं. अगदीच जोर दाखवायचा तर इंग्रज नाम करतो आणि त्याला ‘गुड’ लावतो. ‘अ गुड व्हॅक’ म्हणजे ‘एक चांगली ठेवून दे’. तुमच्या कस्टमरने तेच केलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे झोका. व्हॅक करायला हात किंवा हातातली वस्तू आधी लांब जावी लागते आणि मग येऊन आदळावी लागते. बॅट, काठी, मॅलेट, गुंडाळलेला पेपर, उघडा पंजा, काहीही चालेल. माझ्या एका विद्यार्थ्याने खासबागच्या कुस्त्यांवर इंग्रजीत छान लिहिलं होतं, पण त्यात एका पैलवानाने दुसऱ्याला ‘व्हॅक’ करून पाडलं होतं. तिथं ते बसत नाही. कुस्तीत पकड आहे, डाव आहे, उचलून आपटणं आहे, पण अंतरावरून येऊन बसणारा फटका नाही. चितपट केलं त्याला ‘पिन्ड’, उचलून टाकलं त्याला ‘थ्रू’. याउलट शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असताना गोलसमोर बॉल मोकळा मिळाला की गॅलरीतून जो ‘हाण की!’ उठतो, त्याचं इंग्रजी अगदी ‘व्हॅक इट!’ आहे. पाय असला तरी झोका आहे, आवाज आहे, आणि नेम धरत बसायला वेळ नाही.

जाता जाता उच्चार. आपण ‘व्हॅक’ लिहितो कारण स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतर एच आहे आणि ‘व्हॉट’, ‘व्हेन’ची आपल्याला सवय आहे. बहुतेक इंग्रज आणि अमेरिकन आज तो एच उच्चारत नाहीत, ‘वॅक’च म्हणतात, ओठ गोल करून. स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये तो एच अजून ऐकू येतो. भूतकाळात शेवटी ‘ड’ नाही, ‘ट’ येतो, ‘वॅक्ट’, जसं ‘किक्ट’ किंवा ‘वॉक्ट’. कॉलवर ‘व्हॅक-एड’ म्हणू नका एवढंच. आणि एच न लिहिता ‘वॅक’ लिहिलं तर तो अमेरिकन बोलीतला निराळाच शब्द होतो, ‘भंगार, बेकार’ अशा अर्थाचा. मेल टाइप करताना ते एक अक्षर खाऊ नका.

वाक्यात बसवताना आपली पोरं दोन ठिकाणी अडखळतात. त्यातलं एक अवघड वाटतं पण मराठीत आधीच तयार आहे. ‘त्याने माझ्या पाठीला व्हॅक केलं’ असं डोक्यात धरून पोरं ‘ही व्हॅक्ट माय बॅक’ लिहितात. चूक नाही, पण इंग्रज सहसा माणूस आधी घेतो आणि जागा मागून सांगतो, ‘ही व्हॅक्ट मी ऑन द बॅक’. हे तर आपलंच आहे की, ‘मला पाठीत रट्टा घातला.’ मला, मग पाठीत. फक्त आपला ‘त’ सगळीकडे चालतो, डोक्यात, पाठीत, पोटात, कानशिलात. इंग्रजीत डोकं, पाठ, गुडघा यांना ‘ऑन’ लागतं आणि चेहरा, पोट, बरगड्या यांना ‘इन’. ‘ऑन द हेड’ पण ‘इन द फेस’. कारण विचारू नका, मीही पाठ करूनच शिकले.

दुसरं अडखळणं जरा खोल आहे. शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांची दारं बुटकी. तिथं लहानपण गेलेल्याचं कपाळ चौकटीला कधी ना कधी आपटलेलं असतंच. आपण म्हणतो, ‘माझं डोकं आपटलं’, ‘मला चौकट लागली’. मी काही केलं नाही, ते झालं. इंग्रज अशा वेळी बिनदिक्कत म्हणतो, ‘आय व्हॅक्ट माय हेड ऑन द डोअर फ्रेम’. शब्दशः घेतलं तर हा गृहस्थ स्वतःचं डोकं धरून चौकटीवर हाणतोय. पण अर्थ आपटलं एवढाच. आपल्या पोरांना हे वाक्य सुचतच नाही, कारण मराठीत अपघाताला कर्ता नसतो. मग ‘डोअर हिट टू माय हेड’ असं काहीतरी येतं. तुमच्या कामात हे उपयोगी पडेल. कस्टमर म्हणाला, ‘युअर गाय व्हॅक्ट द स्पिंडल ऑन द व्हाइस’, तर तुमच्या माणसाने मुद्दाम काही केलं असा आरोप तो करत नाहीये. लागला एवढंच सांगतोय. नाहीतर लगेच खुलासा लिहायला बसाल.

आता ते ‘आउट ऑफ व्हॅक’. हा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेला वाक्प्रचार, आता सगळीकडे चालतो. अर्थ, बिघडलंय, जुळत नाही, काहीतरी गडबड आहे. उलटा करून ‘इन व्हॅक’ असं मात्र सहसा कोणी म्हणत नाही. क्वालिटीवाल्याला इथं जपायला हवं. ‘रीडिंग्ज आर आउट ऑफ व्हॅक’ म्हणजे ‘आउट ऑफ टॉलरन्स’ नव्हे. टॉलरन्सला आकडा असतो, इकडे इतके मायक्रॉन, तिकडे तितके. ‘व्हॅक’ला आकडा नाही. कस्टमरला रीडिंग्ज बघून विचित्र वाटलं, बस. दोष पार्टमध्ये असेल, गेजमध्ये असेल, नाहीतर त्याच्याकडच्या माणसाने शून्य नीट सेट केला नसेल. अशा मेलवर लगेच माफी मागू नका, त्याची रीडिंग शीट मागवा.

‘फुल व्हॅक’ ब्रिटिश आहे. ‘वी पेड फुल व्हॅक’ म्हणजे पूर्ण दाम मोजलं, एक पैसा सवलत घेतली नाही. पंखा ‘ॲट फुल व्हॅक’ असेल तर पुऱ्या वेगात. मारण्यावरून पैशावर कसं गेलं? अठराव्या शतकाच्या अखेरीस चोरा-भामट्यांच्या बोलीत ‘व्हॅक’ म्हणजे लुटीतला वाटा असा अर्थ आलेला आहे. आपल्याला यात नवल वाटू नये. आपल्याकडे चोर तिजोरीवर ‘हात मारतो’ आणि ‘डल्ला मारतो’.

ब्रिटिश माणूस हेच क्रियापद मारण्याशी संबंध नसताना ‘टाक’, ‘घाल’, ‘चढव’ अशा अर्थाने फार सैल वापरतो. ‘जस्ट व्हॅक इट इन द नेक्स्ट शिपमेंट’ म्हणजे ‘दे की ढकलून पुढच्या गाडीत’. आदळआपट करून भरा असं नाही. ‘दे व्हॅक्ट अनदर टेन पर्सेंट ऑन’ म्हणजे भावावर आणखी दहा टक्के चढवले. आणि संध्याकाळी कॉलवर तो ‘आय ॲम व्हॅक्ट’ म्हणाला तर त्याला कोणी मारलेलं नाही, दिवसभराच्या कामाने त्याचा पिट्ट्या पडलाय.

एक शब्द तुमच्या मेलमध्ये अजून आला नसेल, पण फाउंड्रीशी संबंध आहे म्हणजे येईलच, ‘व्हॅक-अ-मोल’. तो मुळात खेळ आहे. एका पेटीला भोकं, त्यातून खेळण्यातला चिचुंद्रीसारखा प्राणी डोकं वर काढतो, त्याला मऊ हातोड्याने हाणायचं. एक आत गेला की दुसऱ्या भोकातून दुसरा वर. जपानमध्ये १९७० च्या दशकात तो आला आणि पुढे जत्रांतून, मॉलमधून जगभर गेला. आता एकीकडे दाबलं की दुसरीकडून वर येणाऱ्या कुठल्याही कटकटीला इंग्रजीत हेच म्हणतात. कास्टिंगवाल्यांना वेगळं समजावून सांगायला नकोच. एका कोपऱ्यातलं श्रिंकेज (धातू थिजताना आकसून पडणारी पोकळी) घालवायला रायजर (जादा रस पुरवणारा भाग) हलवला की ते पुढच्या जाडीत जाऊन बसतं, ते बंद करावं तर ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं, निघतात. ‘वी आर प्लेइंग व्हॅक-अ-मोल विथ पोरॉसिटी’ (पोरॉसिटी म्हणजे कास्टिंगमधली बारीक भोकं) असं कस्टमरने लिहिलं तर तो चिडलेला आहे, पण मूळ कारण शोधा, एकेक भोक बुजवत बसू नका, हेही सांगतोय.

इथं माझी एक फजिती सांगते. क्लास सुरू करून दोन-तीन वर्षंच झाली होती. एका कारखानदारांना अमेरिकन बायरचा मेल आला, नव्या ब्रॅकेटच्या ड्रॉइंगबद्दल. शेवटची ओळ होती, ‘वुड युअर टीम लाइक टू टेक अ व्हॅक ॲट इट?’ मला ‘व्हॅक’ म्हणजे मारणे एवढंच ठाऊक. मी ठामपणे सांगितलं, ड्रॉइंग त्यांना पसंत नाही, त्यावर घाव घाला म्हणतायत, कापाकापी करा. ते गृहस्थ दोन दिवस डिझाइनवाल्याला घेऊन वजन कमी कुठं करता येईल ते बघत बसले. खरा अर्थ होता, ‘तुमची माणसं एक प्रयत्न करून बघतील का?’ ‘टेक अ व्हॅक ॲट’ म्हणजे हात घालून बघणं, आपण ‘एक ट्राय मारून बघतो’ म्हणतो ना, तेच. ‘मारून’ आमच्याही वाक्यात होतंच, पण मला तेव्हा दिसलं नाही. फी मी घेतली नाही, आणि ते पुढं अनेक वर्षं मला ‘घाव घाला मॅडम’ म्हणत.

तेव्हा समोरचा अमेरिकन की ब्रिटिश यावर बरंच अवलंबून आहे. ‘फुल व्हॅक’, ‘व्हॅक इट इन’, ‘आय ॲम व्हॅक्ट’ हे इंग्लंडकडचं. अमेरिकनाला ते समजेल, पण परकं वाटेल. आणि अमेरिकेत एक सुरुंग आहे. तिथल्या गुन्हेगारी टोळ्यांच्या बोलीत ‘व्हॅक’ म्हणजे माणूस संपवणे. मुंबईच्या टोळीभाषेत ‘ठोकला’, ‘गेम केला’ म्हणतात तेच. सिनेमा-मालिकांतून तो अर्थ घरोघरी पोचलाय. म्हणून अमेरिकन कस्टमरपुढे ‘वी विल व्हॅक द सप्लायर’ असं गमतीनेही म्हणू नका. एकजण हसेल, दुसरा दचकेल. वस्तूला व्हॅक करा, माणसाला नको.

मराठीतही हा सुरुंग आहे, फक्त ‘मारणे’मध्ये. ‘सापाला मारलं’ म्हटलं तर साप अजून वळवळत असू शकतो. ‘साप मारला’ म्हटलं की संपला. एका ‘ला’ने जीव वाचतो किंवा जातो. आणि ‘हाणणे’ तर संस्कृत ‘हन्’पासून आलेलं. तिथं त्याचा अर्थ प्रहार करणे आणि ठार मारणे, दोन्ही. आपल्याकडे येताना त्याने ठार मारणं सोडून दिलं आणि पार उतरून मिसळ हाणण्यापर्यंत आलं. ‘व्हॅक’ नेमकं उलट्या दिशेने गेलं. अठराव्या शतकात नुसता फटका होता, विसाव्यात खून झाला.

मिसळीचा विषय निघालाच आहे तर ‘हाणणे’ची कसोटी कुठं फसते तेही सांगून टाकते. आपण तांबडा-पांढरा हाणतो, इंग्रज काही खाणं व्हॅक करत नाही. त्याला तो ‘स्कॉफ’ नाहीतर ‘वुल्फ डाउन’ म्हणेल. नवरात्रात जेवणावळीचं वर्णन करताना एका मुलीने ‘वी व्हॅक्ट द पुरणपोळी’ लिहिलं होतं. मी खोडलं, पण मला ते वाक्य आवडलं होतं.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. खऱ्या हिंसेबद्दल लिहिताना हा शब्द नको. ‘व्हॅक’मध्ये एक मिश्किलपणा आहे, थोडं कार्टूनसारखं, फटका बसला, तारे चमकले, माणूस उठून चालायला लागला. बायकोला मारहाण, शाळेत पोराला मारणं, रस्त्यावरची भांडणं अशा ठिकाणी ‘व्हॅक’ लिहिलं की लिहिणारा बाजूला उभा राहून हसतोय असं वाटतं. तिथं ‘बीट’, ‘असॉल्ट’, ‘स्ट्राइक’. तुमच्याकडे कधी शॉप फ्लोअरवर हाणामारी झाली आणि त्याचा मेल इंग्रजीत लिहायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा.

याच घराण्यातले बाकीचे शब्द सिनेमात आणि कॉमेंट्रीत कानावर पडतील, त्यांच्यावर फार वेळ घालवू नका. ‘थ्वॅक’ हा व्हॅकचा थोरला भाऊ, सोळाव्या शतकापासूनचा, आता जास्त करून बॉल-बॅटच्या आवाजापुरता उरलाय. ‘क्लॉबर’ म्हणजे धू-धू धुणे, पण इंग्लंडात तेच नाम म्हणून कपडेलत्ते, सामानसुमान. ‘स्लग’ अमेरिकन, बुक्की घालणे. ‘वॉलप’ मला फार आवडतो, कारण तो घोड्याच्या ‘गॅलप’चा सख्खा भाऊ आहे. दोन्ही फ्रेंचमधल्या एकाच शब्दापासून निघाले, वॉलपचाही जुना अर्थ दौडणे होता, आणि तो दौडता दौडता पुढं एकोणिसाव्या शतकात बदडायला लागला. बोलताना यांतला एकही वापरला नाही तरी तुमचं काही अडत नाही. समजला म्हणजे झालं.

आता तुमचा रिपोर्ट. मॅनेजरने ‘व्हॅक्ट’ खोडलं ते बोलीतलं आहे म्हणून, असं मी वर सांगितलं, पण ते अर्धंच आहे. दुसरं अर्धं असं की त्या शब्दाने काहीच माहिती मिळत नाही. व्हॅक कशाने केलं? किती वेळा? पिनच्या डोक्यावर की आडव्या बाजूला? तो शब्द फटक्याची रंगत सांगतो, माप सांगत नाही. आणि एट-डी रिपोर्ट म्हणजे सगळं मापच.

म्हणून तुमच्या धंद्यातली क्रियापदं वापरा, ती तयार आहेत. पिन ठोकून बाहेर काढायची असेल तर मॅन्युअलमध्ये ‘ड्राइव्ह आउट’ असतं. रायजर हातोड्याने तोडला तर ‘नॉक ऑफ’. मोल्डमधून कास्टिंग सोडवलं तर ‘नॉक आउट’, हे तर तुमच्या शेजारच्या फाउंड्रीत मराठी बोलतानाही म्हणतात. सर्वसाधारण फटका, कुठलाही रंग न चढवता सांगायचा तर ‘स्ट्राइक’, भूतकाळ ‘स्ट्रक’. हलका ठोका असेल तर ‘टॅप’, पण इथं जपून. मशीन शॉपमध्ये ‘टॅप’ म्हणजे आटे पाडणं आणि फाउंड्रीत फर्नेस ‘टॅप’ करणं म्हणजे वितळलेला रस काढणं. ‘द होल वॉज टॅप्ड’ लिहिलंत तर वाचणारा आटे शोधेल. ‘टॅप्ड लाइटली विथ अ मॅलेट’ असं पूर्ण लिहिलं की घोळ होत नाही.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘द ऑपरेटर ड्रोव्ह आउट द डाउएल पिन विथ अ स्टील हॅमर इन्स्टेड ऑफ द नायलॉन मॅलेट, अँड द बोअर वॉज डॅमेज्ड.’ मॅलेट नायलॉनचं होतं की रबराचं ते तुम्ही लिहिलेलं नाही, जे असेल ते घाला. फटके किती बसले हे ऑपरेटरला आठवत असेल तर तेही. आणि कॉलवर पुढच्या वेळी पिन निघाली तर खुशाल म्हणा, ‘गेव्ह इट अ व्हॅक, केम राइट आउट.’ त्याला बरं वाटेल, शब्द त्याचाच आहे.

रिपोर्ट पाठवण्याआधी एकदा त्या फिक्श्चरपाशी जाऊन या. तुमचं नवं वाक्य वाचल्यावर कस्टमर इंग्रजीबद्दल काही विचारणार नाही, तो विचारेल की त्या दिवशी मॅलेट कुठं होतं.